विनयला परत घ्यायचं का

३ ऑगस्ट, रविवार

आजही हरलो. उजवीकडून बॉल पुढं जातच नाही. कॅप्टन मधून लांब पास टाकतो, तेन्झिन जीव तोडून पळतो, पण एकोणीस वर्षांचा पोरगा. बॉल पायात येईपर्यंत दोन डिफेंडर अंगावर.

मॅचनंतर त्याच्या घोट्याला बर्फ लावत बसले होते. नागराजसर जवळ येऊन उभे राहिले. कोच माणूस, एरवी ओरडल्याशिवाय बोलत नाही. आज हळू आवाजात.

"मेधा, विनयचा फोन होता. बंगळूरच्या क्लबनं सोडलं त्याला. परत यायचं म्हणतो. आपल्याकडं."

मी बर्फ लावत राहिले.

तेन्झिन म्हणाला, "मॅडम, तो पाय बरा आहे. दुसरा."

५ ऑगस्ट, मंगळवार

दोन वर्षं इथं हे नाव लिहिलं नव्हतं. आता लिहावंच लागणार. नुसतं वि. लिहीन. पूर्ण लिहवत नाही.

वि. कागदावर अजून माझा नवरा. वेगळं व्हायचे अर्ज त्यानं पाठवले नाहीत, मी मागितले नाहीत. बंगळूरला गेल्यावर आधी "येत्या शनिवारी येतो" असायचं. मग शनिवार विरळ झाले. मग एक दिवस फोनवर, "मेधा, इथं कुणीतरी आहे." मी इथं म्हैसुरात कुवेंपुनगरच्या बसस्टॉपवर उभी होते, हातात भाजीची पिशवी. बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली.

आई म्हणाली होती कोल्हापूरला परत ये. गेले नाही. क्लिनिक होतं, टीम होती. आणि अप्पा होते, वि.चे वडील.

आज सात पेशंट. त्यातल्या एका आजींनी विचारलं, तोंड का उतरलंय. म्हटलं, झोप नाही.

८ ऑगस्ट, शुक्र.

अप्पा गुडघा दाखवायला आले. गुडघ्याला काही झालेलं नाही, मला माहीत, त्यांनाही माहीत.

क्लब त्यांनीच काढलेला. पूर्वी घरात कापड रंगवायचं काम, आता स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. टीमच्या जर्सीवरचे नंबर ते स्वतः छापतात, दुसऱ्या कुणाला फ्रेमला हात लावू देत नाहीत. सासरे म्हणून कधी वागले नाहीत. वि.चा तो फोन आला त्या आठवड्यात दुपारी डबा घेऊन आले, पुढ्यात बसून मला जेवायला लावलं आणि एक शब्द न बोलता गेले. त्यानंतर दर गुरुवारी त्यांच्याकडं जेवते.

आज टेबलावर पाय सोडून बसले. "मेधम्मा, नागराजनं सांगितलं ना तुला?"

"हो."

"कमिटीत तुला विचारतील. मी सुम्ने बसणार. बाप आहे ना, बापानं तोंड उघडायचं नाही. तू बोल."

"मी काय बोलू अप्पा? मी तर बायको आहे."

"फिजिओपण आहेस, अल्ला, नाही का?" मग माझ्या भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत बसले. "फोन मला नाही केला त्यानं. कोचला केला. मला नाही."

जाताना गुडघ्याला मलम मागून घेतलं. दिलं.

१० ऑगस्ट, रवि.

हो म्हटलं तर लोक म्हणतील, बघा, नवरा परत हवाय हिला. नको म्हटलं तर, बघा, सूड घेतला. तिसरं काही म्हणायला जागा नाही.

आईचा फोन. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

"घेऊ नका म्हणावं त्याला."

"टीममध्ये घ्यायचंय आई. घरात नाही."

"एकच की गं."

मी चिडले, पण ठेवल्यावर वाटलं, तिला काय चुकीचं म्हणायचं. पेठेतल्या मॅचेस बघत वाढलेली बाई ती. मला मांडीवर घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसायची. लग्न ठरलं तेव्हा जावई फुटबॉलवाला म्हणून गल्लीभर सांगत सुटली होती.

१३ ऑगस्ट, बुध.

आला.

सकाळच्या प्रॅक्टिसला. मी स्ट्रॅपची पेटी उघडत होते, आवाजावरूनच कळलं. पोरं "विनयअण्णा, विनयअण्णा" करत धावली. मी पेटी परत बंद केली, परत उघडली. काय घ्यायचं होतं ते आठवेना.

वाळलाय. कानाशी पांढरे केस. निळी बॅग तीच, आम्ही दोघांनी मिळून घेतलेली.

"कशी आहेस?"

"आधी वॉर्मअप कर. घाई करू नकोस."

दोन वर्षांनी एवढंच बोललो.

मग सरांनी पळवलं. कॅप्टननं मागून लांब बॉल टाकला आणि वि. सुटला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. लांबून बघितलं तर तोच. ती मान किंचित वाकडी करून मागं बॉल बघायची सवय, तीसुद्धा तीच. मी पेटीशेजारी खाली बसले.

पण शेवटची पावलं बघितली. डावी टाच वर येत नाही. पाऊल आखूड पडतं. इतरांना दिसणार नाही. मला दिसलं.

१४ ऑगस्ट, गुरु.

क्लिनिकला आला. सरांनीच पाठवला, तपासणी म्हणून. पालथा झोप म्हटलं.

डाव्या मांडीच्या मागं, बोट फिरवलं की कळतं, स्नायूत एक गाठ आणि तिच्या खाली खड्डा. फाटून जुळलेलं. परत फाटलेलं. विश्रांती न घेता खेळत राहिलाय, सुया टोचून घेऊन.

"कितीदा?"

"दोनदा."

"खरं सांग."

"तीनदा."

नोकरीतला हात आहे माझा, दिवसाला कितीतरी पाय हाताखालून जातात. पण हा पाय माझ्या हाताला पाठ आहे. कुठं तीळ आहे, कुठं लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण आहे. हात आपलं काम करत होता. माझं लक्ष खिडकीकडं.

तोंड उशीत ठेवूनच म्हणाला, "कमिटीला नको सांगूस मेधा. एक सीझन मिळू दे. तू हो म्हणालीस की सगळे हो म्हणतील."

"आणि ती? तिथली?"

"संपलं ते."

"कधी?"

"मागच्या वर्षी. पाय दुसऱ्यांदा गेला त्यानंतर."

"मग मी कोण? पाय गेल्यावरची?"

मी मशीन लावलं, वेळ झाल्यावर बंद केलं. कपडे घालून दारापर्यंत गेला, म्हणाला, "अप्पांना अजून भेटलो नाही. भीती वाटते." मग गेला. चादर बदलायला मुलीला सांगितलं. मला हात लाववेना.

आज गुरुवार. अप्पांकडं जेवायला गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला.

१७ ऑगस्ट, रवि.

कमिटी. अप्पांच्या दुकानात, वाळत टाकलेल्या जर्सींच्या खाली. शाईचा वास. वि. नव्हता.

मी उभं राहून सांगितलं. डावी हॅमस्ट्रिंग तीनदा फाटली आहे. नीट विश्रांती आणि व्यायाम मिळाला तर भरून येईल असं वाटतं, पण काही महिने लागतील. आत्ता जोरात पळवला तर पुन्हा फाटेल, आणि या वेळी पूर्ण फाटली तर पळणं कायमचं संपेल. विचारलं तर म्हणेन, आत्ता घेऊ नका.

मग खजिनदार म्हणाले, "घरचं भांडण मैदानात नको, एवढंच माझं म्हणणं."

कॅप्टन लगेच, "मॅडम रागानं बोलत नाहीत. मला खात्री आहे."

त्यानं माझी बाजू घेतली. पण म्हणजे बाकीचे तसं समजतात, हेही कळलं.

अप्पा ठरल्याप्रमाणे गप्प. फ्रेम पुसत होते. तीच फ्रेम, पुन्हा पुन्हा.

सर म्हणाले, पुढच्या रविवारी बैलकुप्पेला सरावाची मॅच आहे, दुसऱ्या हाफला खेळवू, बघू. नोंदणी महिनाअखेर बंद होते, तोवर ठरवू. सगळे हो म्हणाले. माझं म्हणणं ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

बाहेर तेन्झिन स्कूटरपाशी थांबला होता. "मॅडम, विनयअण्णा आले तर मी बेंचवर ना?"

"अजून ठरलं नाही."

"बसेन मी. त्यांचं बघूनच खेळायला लागलो. पण मग घरी काय सांगू?" हसला.

२० ऑगस्ट, बुध.

काही नाही. पाऊस भुरभुर. कुकरची शिट्टी बिघडलीय.

सगळे म्हणतात विसरशील. दोन वर्षांत मी काय विसरले? फक्त त्याचा आवाज फोनवर कसा येतो ते. बाकी सगळं जागच्या जागी.

२१ ऑगस्ट, गुरु.

अप्पांकडं जेवले. वि. तिथंच राहतोय सोमवारपासून. मला कुणी सांगितलं नव्हतं. ताटं तीन होती.

अप्पांनी त्याला वाढलं, मला वाढलं, स्वतःला विसरले. वि.नं उठून त्यांना वाढलं. अप्पा म्हणाले, "साकु, साकु, पुरे," आणि भात तसाच राहिला. मग एकदम मान वर न करता म्हणाले, "तुझी आई असताना आला असतास तर." सासूबाई गेल्या तेव्हा वि.चे शनिवार विरळ व्हायला लागले होते.

वि. हात धुवायला उठला तो बराच वेळ आलाच नाही. नळ चालू होता.

२४ ऑगस्ट, रवि.

बैलकुप्पे. जाताना बसमध्ये मी पुढं, तो मागं. पिरियापट्टणच्या आधी उजवीकडं बेट्टदपुरचा डोंगर दिसायला लागला. लग्नानंतर चढलो होतो तो. मी पायऱ्या मोजत थांबत थांबत, आणि हा वर जाऊन परत खाली येऊन पुन्हा माझ्याबरोबर वर. मागं वळून बघितलं नाही. तो बघत होता की नाही, माहीत नाही.

मैदान उतारावर, पलीकडं मठाचं सोनेरी छप्पर. लाल वस्त्रातले बरेच भिक्खू मॅच बघायला, आमच्या पोरांपेक्षा जास्त ओरडणारे. तेन्झिनचं गाव हे, तिबेटी वस्ती. पहिला हाफ तो खेळला, चांगला खेळला. त्याची आई कडेला उभी, बॉल त्याच्याकडं गेला की डोळे मिटून घ्यायची.

दुसऱ्या हाफला वि.

बराच वेळ काही नाही. नुसता चालत होता. मग कॅप्टननं मधून बॉल उचलला, खूप लांब, मला वाटलं बाहेर जाणार. आणि वि. निघाला. काय सांगू. डिफेंडर आधी त्याच्या पुढं होता, मग शेजारी, मग मागं. बॉल खांद्यावरून आला तो त्यानं पायावर घेतला, टप्पासुद्धा पडू दिला नाही, आणि आत वळून मारला. गोल.

मी उभी होते. दोन्ही हात वर. "विन्या!" असं कुणीतरी ओरडलं. ते मीच होते. घरात म्हणायची तसं. बेंचवरची सगळी पोरं माझ्याकडं बघत होती, मग पटकन दुसरीकडं बघायला लागली.

सगळे त्याच्या अंगावर. सर मला मिठी मारायचे बाकी होते. "बघितलंस? बघितलंस?"

हो, बघितलं. नंतरचंही बघितलं. त्यानंतर तो पळाला नाही. कडेच्या रेषेशी उभा राहिला, हात कमरेवर ठेवल्यासारखा, पण अंगठा मांडीच्या मागं दाबून.

परतताना सगळी बस गात होती. मी उठून मागं गेले. पाय सीटवर लांब करून बसला होता, चेहरा राखेसारखा. काही न विचारता मांडीखाली हात घातला. दाबलं. अख्खा माणूस शहारला, पण तोंडातून आवाज काढला नाही. पुढं पोरं गाताहेत.

"सांगणार आहेस?" म्हणाला.

"तू सांग."

"ऐकलं मी. तू ओरडलीस ते."

मी पुढं येऊन बसले. म्हैसूर येईपर्यंत खिडकीच्या बाहेर.

२६ ऑगस्ट, मंगळ. गौरी

सुट्टी. इथं गौर गणपतीच्या आदल्या दिवशी. सकाळी बेल वाजली. अप्पा, स्वच्छ पांढरं धोतर, हातात सुपाचं बागिना, गौरीचं वाण. वरचं सूप बाजूला केलं तर आत बांगड्या, हळदकुंकू, खण, डाळी, गूळ, छोटा आरसा. सगळं त्यांनीच भरलेलं, बांगड्यांचं माप चुकलेलं.

मला कळेना. इथं गौरीला बागिना माहेरचे देतात. बाप देतो, भाऊ देतो. सासरा नाही देत.

"अप्पा, हे..."

"तुझं माहेर लांब. कोण आणणार? म्हणून आणलं." आणि मग, "सून म्हणून नाही गं देत. पुढं काय व्हायचं ते होऊ दे, सून असशील नसशील. हे त्याच्यातलं नाही."

मी दारातच बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा एवढी रडले. ते शेजारी उभे राहून, "आयतु, आयतु, पुरे आता, सणाच्या दिवशी नाही," असं म्हणत राहिले आणि स्वतःचेच डोळे पुसत राहिले.

मग म्हटलं, "मी नको म्हटलं तर? त्याला टीममध्ये?"

"ते बेड, नको. आज बेड. त्याला घे सांगायला आलो नाही. घेऊ नको सांगायलाही नाही." पाणी प्यायले. "घरात चालताना बघतो मी. भिंत धरून चालतो. मी आलो की सोडतो."

बांगड्या होत नाहीत हाताला. दोन्ही सुपं ओट्यावर ठेवलीत.

२८ ऑगस्ट, गुरु.

वि.नं काही सांगितलेलं नाही. सर खुशीत, सकाळी म्हणाले, शनिवारी सही करून घेऊ.

मग मीच सांगितलं. मॅचमध्ये पुन्हा दुखावलाय. बसमध्ये हातानं बघितलं.

सर मग म्हणाले, "मेधा, वाईट वाटून घेऊ नकोस. पण नक्की पायच ना?"

पाच वर्षं काम केलंय मी या माणसाबरोबर. किती पोरांचे पाय मी खेळवा म्हटल्यावर खेळवले, थांबवा म्हटल्यावर थांबवले. कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"दुसऱ्या फिजिओला दाखवा," म्हटलं. आवाज नीट ठेवला. स्कूटरपर्यंत गेले, किल्ली लागेना. हेल्मेट घालून घेतलं, काच खाली. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, तेवढं बरं.

३० ऑगस्ट, शनि.

सही झाली नाही. वि.नं स्वतः सरांना सांगितलं. काल संध्याकाळी, अप्पांसमोर. तीनदा फाटली, आता चौथ्यांदा थोडी, बंगळूरच्या क्लबनंही त्यासाठीच सोडलं, मेधा बोलली ते सगळं खरं.

सरांनी मला फोन करून माफी मागितली. ओरडून मागितली, त्यांची पद्धत.

पण सोडत नाहीत. म्हणतात, बाकीच्यांच्या दोन पायांपेक्षा विनयचा दीड पाय चालेल मला. सीझनच्या शेवटच्या चार-पाच मॅचेस मिळाल्या तरी खालच्या डिव्हिजनमध्ये जाणं टळेल. आत्ता नाव नोंदवायचं, मधले महिने तो तुझ्याकडं, रोज सकाळी क्लिनिकला. तू त्याला उभं करायचंस.

"मेधा, होईल का नाही? आणि तू करशील का? दोन्ही तूच सांगायचं. उद्या चारला मी मैदानावर येतो, पाचला नोंदणी बंद."

रोज सकाळी. कितीतरी महिने. तो पाय, हे हात.

त्याचं नाव गेलं तर शेवटच्या मॅचेसना तेन्झिन बेंचवर. नाही गेलं तर टीम बहुतेक खाली. आणि वि.? दुसरा कुठला क्लब घेणार नाही त्याला.

दुसऱ्या फिजिओकडं पाठवता येईल. पण ते सुया टोचून पळवतील. इथंच तर घोडं अडलंय माझं.

३१ ऑगस्ट, रवि.

मैदानाच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. लवकर आले.

वि. आधीच होता. कडेकडेनं सावकाश चालत फेऱ्या घालत होता. भिंत नाही धरायला इथं, तर हात नुसते लोंबत. मला बघून आला, दोन पायऱ्या खाली बसला. पाय वाकवताना त्रास होत होता. मी मदत केली नाही.

"काय ठरवलंस?"

"पायाचं?"

"दोन्हीचं."

"पाय बरा होईल असं वाटतं मला. घाई नाही केलीस तर. दुसऱ्याचं माहीत नाही."

मैदानावर कुणीतरी पतंग उडवत होतं. मग म्हणाला, "मी तिथं होतो ना मेधा, तेव्हा बॉल यायचा तर मागं बघायचो, आणि बेंचवर कोण बसलंय ते बघायचो. दरवेळी. तू नसायचीस." आणि रडायला लागला. लग्नात नाही, आई गेली तेव्हा नाही, आज. पाठ हलत होती. माझा हात उचलला गेला होता. खाली घेतला.

"तू नको म्हणालीस तरी मी जाणार नाही कुठं. दुकानात बसेन अप्पांच्या. म्हैसूर सोडणार नाही आता."

"हे आत्ता का सांगतोस?"

"खरं आहे म्हणून."

असेल. किंवा मी हो म्हणावं म्हणून असेल. दोन वर्षांपूर्वी त्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं तरी मला कळायचं. आता त्याच्याकडं बघत बसले आणि कळलं नाही. पायाला बोट लावलं की कळतं मला कुठं तुटलंय, किती तुटलंय, जुळेल की नाही. बोलण्याला कुठं बोट लावायचं?

तो उठून परत फेऱ्या घालायला गेलाय. सावकाश चालतोय, मी सांगितलंय तसं. टाच अजून नीट उचलत नाही.

सर गेटातून आत येतायत. हात वर करून मला विचारतायत, काय?